काडतुसांचे पासबुक

जगाचा अंत नेमका कुठे होतो, असे पेठेतल्या माणसाला विचारले तर तो क्षणभर विचार केल्यासारखे करतो आणि हडपसरच्या दिशेने बोट दाखवतो. आम्ही त्या अंताच्याही थोडे पलीकडे, गाडीतळाजवळ राहतो. आमचे लग्न ठरले तेव्हा सदाशिव पेठेतल्या सासरच्या मंडळींत "मुलगा बँकेत आहे" या वाक्याने जो आनंद पसरला होता, तो "राहतो हडपसरला" या वाक्याने निम्म्यावर आला. मुलगी सैबेरियात द्यायची आहे, अशा चेहऱ्याने मामेसासऱ्यांनी बसचा नंबर विचारून घेतला होता. सांगायचा मुद्दा, जग संपल्यानंतरच्या जीवनाविषयी बोलण्याचा अधिकार पुण्यात कोणाला असेल तर तो आम्हा हडपसरकरांनाच आहे. तो मी आता बजावणार आहे.

निमित्त झाले ते 'मेट्रो २०३३' या खेळाचे. खेळ म्हणजे मैदानातला नव्हे, कॉम्प्युटरवरचा. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे रात्री दोनपर्यंत जागण्याचे शिक्षण पुरे झालेले आहे आणि उरलेले चालू आहे. खेळ तसा जुना, २०१० सालचा. युक्रेनची राजधानी कीव, तिथल्या 'फोर-ए गेम्स' या मंडळींनी तो केला, आणि तोही द्मित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाच्या कादंबरीवरून. त्या गृहस्थाने २००२ साली ती कादंबरी इंटरनेटवर लोकांना फुकट वाचायला ठेवली होती. छापील पुस्तक पुढे निघाले. मराठी लेखकांनी यावरून काही बोध घ्यावा असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे फुकट दिलेले पुस्तक वाचतात हाच मुळात वादाचा विषय आहे.

कथा अशी. २०१३ साली अणुयुद्ध होते आणि मॉस्को बेचिराख होते. वाचतात ते त्या वेळी भुयारी रेल्वेत असलेले लोक. म्हणजे ज्यांना स्वतःची गाडी परवडत होती ते वर राहिले आणि गेले, आणि जे पास काढून प्रवास करत होते ते खाली टिकले. हा न्याय मला पाहताक्षणीच आवडला. पुढची वीस वर्षे ही माणसे स्थानकांवर संसार थाटून राहतात, तिथेच डुकरे पाळतात, तिथेच भांडतात. वर हवा विषारी, रस्त्यावर विचित्र जनावरे. आर्त्योम नावाचा एक तरुण आपले स्थानक वाचवण्यासाठी या बोगद्यांतून निघतो. तो आर्त्योम म्हणजे आपण.

'आपण' हा या जातीच्या खेळांतला मुख्य मासला आहे. खेळणाऱ्याला स्वतःचा चेहरा कधीच दिसत नाही. दिसतात ते पुढे आलेले दोन हात आणि त्या हातांतली बंदूक. आपल्याकडच्या आत्मचरित्रांत नेमके उलटे असते. चेहरा पानोपानी दिसतो, हात कुठे होते तेवढे कळत नाही.

मी काही हा खेळ खेळलो नाही. बँकेतल्या माणसाचे काम खेळण्याचे नसते, खेळणाऱ्याच्या मागे उभे राहून तपासण्याचे असते. आमच्याकडे त्याला कॉन्करंट ऑडिट म्हणतात. तसे मी चिरंजिवांच्या खुर्चीमागे उभे राहून चार-पाच रात्री ऑडिट केले आणि पहिल्याच रात्री माझा जीव एका ठिकाणी अडकला. या खेळात पैसा म्हणून काडतुसे चालतात.

गंमत वाटेल, पण व्यवस्था अगदी शास्त्रशुद्ध आहे. युद्धापूर्वी कारखान्यात बनलेली लष्करी काडतुसे थोडी उरलेली आहेत आणि नवी बनत नाहीत. ती चलन. त्यांवर तुम्हाला बंदूक मिळते, औषध मिळते, मुखवट्याच्या गाळण्या मिळतात. दुसरी काडतुसे बोगद्यात हाताने भरलेली, मळकी, कमी ताकदीची. ती नुसती उडवायची. दोन्हींचा विनिमय करून देणारा माणूस स्थानकात दुकान मांडून बसलेला असतो. त्याला पाहून मला घरच्यासारखे वाटले. चष्मा असता तर आमच्या शाखेतलाच म्हणून खपला असता. मात्र खरी मेख पुढे आहे. संकट अंगावर आले आणि मळकी काडतुसे संपली, तर तुम्ही चलनातली काडतुसे बंदुकीत घालून झाडू शकता. ती जास्त जोरात लागतात. म्हणजे राक्षस अंगावर धावून येतो आहे आणि तुम्ही त्याच्यावर तुमची फिक्स्ड डिपॉझिट झाडता आहात!

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका," चिरंजीव म्हणाले, "मरेन मी."

"अरे, पण मुदतीपूर्वी मोडतोयस तू. व्याज जाईल."

बी.कॉम.ला आम्हाला पैशाची चार कामे शिकवली होती. विनिमयाचे माध्यम, मूल्याचे मोजमाप, मूल्याचा साठा आणि पुढच्या देण्याचे प्रमाण. शत्रूच्या छातीत भोक पाडणे हे पाचवे काम कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला आढळले नव्हते. पण विचार करता करता लक्षात आले की ज्या चलनाला काहीच आधार उरत नाही, त्याला शेवटी आधार कसला, तर ते उडते याचा. हे चलन कोणी रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन रद्दही करू शकत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र ज्यांनी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली आहे, त्यांना प्रलयाचे खेळ दाखवून कोणी घाबरवू नये. पाचशे-हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून कागद झाल्या. देशातल्या चलनाच्या किमतीने मोजला तर हा सुमारे ८६ टक्के भाग. नवी दोन हजारांची नोट आली ती अशा आकाराची की जुन्या एटीएमच्या खणात बसेना. मग यंत्रे उघडून खण बदलत बसा. रांग आमच्या शाखेपासून सुरू होऊन रसवंतीगृहाला वळसा घालून परत शाखेपाशी येई, त्यामुळे तिला शेवट नव्हताच. पुढे बोटाला शाई लावायचा हुकूम निघाला तेव्हा एका आजींनी मला विचारले, "मत कुणाला द्यायचं ते तरी सांग बाबा." त्यांनी डाळीच्या डब्यातून आणलेल्या नोटांना मोहरीचा वास होता. ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. आम्ही त्या मोजल्या होत्या, आम्हाला नवल वाटले नाही. आमची बोटे तेव्हाच सांगत होती.

काडतुसाच्या दोन जातींवरून आणखी एक आठवले. पेशवाईत पुण्यात एकच एक रुपया नव्हता. अंकुशी होता, चांदवडी होता, शिवाय ज्याची त्याची टांकसाळ. सराफाने नाणे वाजवायचे, तोलायचे आणि बट्टा सांगायचा. चांगला रुपया घरात पुरायचा आणि घासलेला बाजारात चालवायचा, ही रीत शनवारवाड्यापासून मॉस्कोच्या बोगद्यापर्यंत एकच. ग्रेशम नावाच्या साहेबाच्या नावावर हा नियम आम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहिला. आमच्या पणजीला तो न शिकता येत होता.

आणि प्रलय म्हणाल तर तो हडपसरला प्रत्यक्ष येऊन गेलेला आहे. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. बाजीरावाने आदल्या वर्षी विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते, त्याचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आला. हडपसर, घोरपडी, वानवडी या पट्ट्यात एका बाजूला होळकर आणि दुसऱ्या बाजूला पेशवे-शिंदे अशी लढाई झाली. समोरून पंचवीस गोळे येईपर्यंत आपल्याकडून तोफ डागायची नाही असा यशवंतरावाचा हुकूम होता, असे सांगतात. चिरंजिवांच्या खेळात एवढा धीर धरणारा कोणी मला दिसला नाही. यशवंतराव जिंकला. बाजीराव सिंहगडाकडे, तिथून कोकणात आणि शेवटी वसईला इंग्रजांच्या आश्रयाला पोहोचला आणि ३१ डिसेंबरला त्याने तहावर सही केली. आमच्याकडे ३१ डिसेंबरला तिमाही क्लोजिंग असते. बाजीरावाने त्या दिवशी राज्यच क्लोज केले. मागे राहिलेल्या पुण्यात खंडण्या वसूल झाल्या आणि १८०३-०४ मध्ये दख्खनेत असा दुष्काळ पडला की लोक गावेच्या गावे सोडून गेले. ज्यांनी चांगला रुपया पुरून ठेवला होता, त्यांनाही तो शिजवून खाता आला नाही.

इथे हडपसरकर म्हणून माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो. असा प्रलय उद्या पुन्हा आला तर आम्ही लपायचे कुठे? पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली खरी, पण तिची भुयारी स्थानके पाच. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट. म्हणजे जग बुडाले तरी पेठा सुखरूप राहणार! हे लिहीत असताना हडपसरची मेट्रो कागदावर आहे आणि कागदाखाली लपता येत नाही हे आम्हा बँकवाल्यांना चांगले ठाऊक आहे. खेळात मॉस्कोच्या वर्तुळाकार मार्गावरची व्यापारी स्थानके साऱ्या बोगद्यांचा बाजार हातात ठेवतात, आणि लाल मंडळी आणि त्यांचे कट्टर शत्रू आपापली स्थानके धरून एकमेकांशी लढतात. पुण्यात हे जमवायला नवे काही करावे लागणार नाही. मंडई भाजीचे भाव ठरवील, जिल्हा न्यायालय स्थानक प्रत्येक भांडणाला पुढची तारीख देईल आणि कसबा पेठ मानाचा प्रश्न उपस्थित करील. आम्ही हडपसरहून चालत, धापा टाकत, विषारी हवेतून स्वारगेटच्या दारात पोहोचू, तेव्हा आतून आवाज येईल, "एक ते चार बंद."

ही थट्टा मी घरी ऐकवली तेव्हा चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी मोबाइलवर एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. फेब्रुवारी २०२२, कीव. रशियाचे हल्ले सुरू झाले आणि शहरातली माणसे भुयारी स्थानकांत जाऊन राहिली. फलाटावर गाद्या, गाद्यांवर पोरे, एका बाईच्या मांडीवर मांजर. ज्या शहरात बसून काही मंडळींनी हा खेळ रचला होता, त्याच शहरात. आणि मूळ कादंबरी लिहिणारा रशियन ग्लुखोव्स्की युद्धाविरुद्ध बोलला म्हणून २०२३ साली मॉस्कोच्या न्यायालयाने त्याला गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा दिली. मी मोबाइल परत दिला आणि चहा टाकायला आत गेलो.

वास्तविक मुखवटा घालून ओसाड शहरातून चालण्याचा अनुभव आम्हालाही आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बँक अत्यावश्यक सेवेत होती. इतकी वर्षे लोक आमच्या सेवेविषयी जे काही बोलत, त्यात 'अत्यावश्यक' हा शब्द कधी आलेला नव्हता, त्यामुळे पहिले दोन दिवस बरे वाटले. सोलापूर रस्ता रिकामा. ज्या पुलाखाली एरवी पंधरा मिनिटे जातात, तिथे एक कुत्रे रस्त्याच्या मधोमध हातपाय पसरून निजलेले. खेळात आर्त्योमच्या मनगटावरचे घड्याळ मुखवट्याची गाळणी किती मिनिटे पुरेल ते दाखवते आणि ती संपत आली की श्वासाचा आवाज वाढतो. आमच्या शाखेत एक मुखवटा आठवडाभर पुरवायचा होता. श्वासाचा आवाज मला पहिल्या दिवसापासूनच येत होता.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. खेळाच्या मध्यावर कुठेतरी आर्त्योमला एका उद्ध्वस्त ठिकाणी साशा नावाचा लहान मुलगा सापडतो. त्याला सांभाळणारा माणूस मरून पडलेला. आर्त्योम त्या मुलाला पाठीवर घेतो आणि बोगद्यातून त्याच्या आईकडे निघतो. चिरंजिवांचा हात एवढा तयार, पण त्या भागात त्यांचा नेम लागेना. "वजन आहे ना त्याचं," ते म्हणाले. खेळ करणाऱ्यांनी मुलाचे वजन हातात उतरवले आहे. वळायला वेळ लागतो, बंदूक डुलते. पाठीवरचा पोरगा मात्र कुठून जनावर येतेय ते सांगत असतो. शेवटी आई भेटते, पोराला छातीशी धरते आणि बक्षीस म्हणून थोडी काडतुसे पुढे करते. चलनातली, चांगली.

चिरंजिवांनी ती घेतली. मीही मान डोलावली. श्रमाचा मोबदला, रीतसर जमा.

"नाही घेतली असती तर पुण्य मिळालं असतं," ते म्हणाले. "पण ते दिसत नाही."

तर हा खेळ आतल्या आत एक गुप्त खाते ठेवतो. भिकाऱ्याला काडतूस दिले, कोणाचे बोलणे थांबून ऐकले, बक्षीस नाकारले, की त्या खात्यात काहीतरी जमा होते. त्याचे पासबुक मिळत नाही, बॅलन्स विचारता येत नाही. पुरेसे साठले असेल तर अगदी शेवटी, ज्यांना शत्रू समजून मारायला निघालो त्यांना वाचवण्याचा एक मार्ग उघडतो. नसेल साठले तर तो मार्ग होता हेच कळत नाही. चित्रगुप्त आमच्याच केडरचा, हे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे. त्याने शाखा मॉस्कोत काढली, एवढेच नवीन.

मी चिरंजिवांना म्हटले, "हा तुझा प्रसंग इथे झालेला आहे. खेळात नाही, खरा. आपल्याच हडपसरात."

१८९७ साल. मुंबईचा प्लेग पुण्यात पोहोचला होता. आम्हाला शाळेत प्लेग शिकवला तो रँडसाहेबापुरता. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गोळी झाडली. परीक्षेत प्रश्नही तोच येई. इतिहास शिकवणाऱ्यांनाही बंदूक हातात असलेला माणूसच चटकन दिसतो, तसा तो आम्हालाही दिसला. त्याच साथीत पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर, म्हणजे आजच्या हडपसरात, प्लेगच्या रोग्यांसाठी एक दवाखाना चालत होता हे मला नोकरीला लागल्यावर कळले, तेही एका खातेदाराकडून. पासबुक भरून होईपर्यंत त्यांनी सांगितले. दवाखाना डॉ. यशवंत फुले यांचा. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला हा मुलगा, एका ब्राह्मण विधवेच्या पोटचा. जोतीराव १८९० मध्येच गेले होते. सावित्रीबाईंचे वय सहासष्ट. त्या स्वतः रोगी आणायला जात.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. प्लेगच्या रोग्याला तेव्हा घरची माणसे शिवत नसत, आणि महारवाड्यातल्या पोराला तर बिनप्लेगचेही कोणी शिवत नव्हते. सावित्रीबाई गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

प्लेगची लस तेव्हा दोन महिन्यांची होती. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ ला ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. मुंबईहून पुण्याला रेल्वे होती, पण लस काही रेल्वेच्या वेगाने पसरत नाही. तिला वर्षे लागतात. कधीकधी मात्र उलटेही होते. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोव्हिशील्डचे पहिले ट्रक विमानतळाकडे निघाले ते इथूनच, मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातून. निघण्याआधी ट्रकची रीतसर पूजा झाली. त्या दिवशी सदाशिव पेठेतून मामेसासऱ्यांचा फोन आला होता. "तुमच्या हडपसरहून निघाली म्हणे," असे ते म्हणाले. तुमच्या हडपसरहून! बसचा नंबर विचारणारा माणूस!

चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. पडद्यावर आर्त्योम बंदूक घेऊन उभाच होता. बटण दाबले नाही की तो नुसता श्वास घेत उभा राहतो.

मग त्यांनी विचारले, "त्या कुठल्या रस्त्याने आल्या असतील?"

मी म्हटले, आजचा मगरपट्ट्यावरून येणारा रस्ता धरू. तेव्हा शेते असणार. मगरपट्टा सिटी २००० च्या सुमाराला मगर मंडळींनी आपली शेते एकत्र करून उभी केली, त्याआधी मीच तिथे ऊस पाहिलेला आहे. पाऊलवाट असेल, बैलगाडीची चाकोरी असेल.

रविवारी सकाळी आम्ही दोघे स्कूटरवरून मुंढव्याला गेलो आणि तिथून परत फिरलो. परतताना चिरंजीव मागे बसले होते. वजन एकाहत्तर किलो, शिवाय हेल्मेट. मगरपट्ट्याच्या सिग्नलला तीनदा लाल दिवा लागला, तरी आमची पाळी आली नाही. मागून ते सांगत होते, "बाबा, डावीकडून टँकर येतोय. आता उजवीकडून रिक्षा."